दाखवण्यासारखं काही नाही

सर कुणा आजाऱ्याला भेटायला गेले की तब्येत विचारत नसत. पलंगाजवळ खुर्ची ओढायचे, शर्टाच्या टोकाने चष्मा पुसायचे आणि म्हणायचे, "दाखवा."

नवखा पेशंट जीभ बाहेर काढायचा.

"जीभ आत घ्या. कापलंय कुठं, ते दाखवा."

मग बनियन वर सरकायची, पट्टीची कड उचलली जायची आणि सर जखमेच्या वर हवेत पंजा पसरून माप घ्यायचे. अंगठ्यापासून करंगळीपर्यंत वीत, अंगठ्यापासून शेजारच्या बोटापर्यंत टीच. वीतभर चिरलेलं असलं की सरांचा चेहरा गंभीर व्हायचा. उशाशी डाळिंबं जास्त ठेवली जायची आणि घरच्यांना बाहेर नेऊन दबक्या आवाजात बोलणं व्हायचं. टीचभर असलं तर डाळिंबं बेताची. त्याहून कमी असलं तर "बरं केलंत, वेळेत करून घेतलंत," एवढं म्हणून सर उठायचे आणि फळं बऱ्याचदा पिशवीतच राहायची.

बायकांच्या वॉर्डात ते स्वतः पडद्याआड जात नसत. त्यांच्या पत्नीला, म्हणजे आमच्या काकूंना, पाठवायचे आणि काकूंनी बाहेर येऊन हाताने माप दाखवायचं, असा नियम होता. काकू आत त्या बाईशी पोराबाळांच्या गप्पा मारायच्या आणि बाहेर येऊन न चुकता टीच दाखवायच्या. सिझेरियन असो, पित्ताशय असो, मानेवरची गाठ असो. मानेवरच्या गाठीसाठी टीचभर चिरलं हे कळल्यावर सर कितीतरी दिवस अस्वस्थ होते.

सर आमचे हायस्कुलातले विज्ञानाचे शिक्षक. निवृत्त झाल्यावर त्यांनी बारामतीत घर बांधलं. बारामतीत दवाखान्यांना तोटा नाही आणि आमच्या इंदापूर तालुक्यातून तिथे येणाऱ्या पेशंटांनाही नाही, त्यामुळे सरांचे दिवस चांगले भरलेले असत. ओळखीचा कुणी ॲडमिट झाला की स्कूटर निघायची. मागे काकू आणि काकूंच्या मांडीवर पिशवी.

या माणसाचे माझ्यावर फार उपकार आहेत, हे आधी सांगितलं पाहिजे. आमच्या घरात माझ्या आधी कुणी दहावीच्या पुढे गेलेलं नव्हतं. माझे वडील, आप्पा, कळसला भेंडी, गवार, ढोबळी मिरची करायचे. दहावीनंतर मला शिवणाच्या क्लासला घालायचं ठरलं होतं. एका सकाळी सर आमच्या रानात आले. आप्पा भेंडी तोडत होते. सर थेट सरीत शिरले आणि बोलता बोलता स्वतःही तोडायला लागले. शिक्षणाचं महत्त्व सांगत सांगत ते हाताला येईल ती भेंडी खुडत होते, कोवळी, करंगळीएवढीसुद्धा.

"सर, तुमी बोला," आप्पा म्हणाले, "पर हात लावू नका."

"पोरगी सायन्सला जाणार का ते सांगा आधी."

"जाईल की. हात काढा तेवढा."

असा माझ्या शिक्षणाचा निर्णय झाला. पुढे मी बी.एस्सी. झाले, स्कॅनिंगचा कोर्स केला आणि आज बारामतीतल्या एका सेंटरवर सीटी स्कॅनचं मशीन चालवते. पगाराच्या दिवशी मला अजून ती करंगळीएवढी भेंडी आठवते.

वर्गात सरांचा आवडता शब्द होता 'पुरावा'. विज्ञान पुरावा मागतं, डोळ्यांना दिसेल तेच खरं, असं ते सांगायचे. तंबाखूचे दुष्परिणाम हा धडा तर ते फार तळमळीने घ्यायचे. फळ्यावर खडूने पांढरीशुभ्र फुप्फुसं काढायची आणि मग डस्टरने एकेक भाग पुसत ती काळी करून दाखवायची. आम्ही मुली अक्षरशः हळहळायचो. धडा संपला की सर प्रयोगशाळेच्या मागे जाऊन विडी ओढायचे. विड्यांचं बंडल त्यांचे मेहुणे तात्या आणायचे. तात्या म्हणजे काकूंचे धाकटे भाऊ. कळसला सरांची डाळिंबाची बाग होती, ती तात्याच बघत. मधल्या सुट्टीत ते शाळेच्या कुंपणाला मोटारसायकल लावून उभे राहायचे. बंडल दोघांचं मिळून एक, काडीपेटीही एकच. त्या दोघांच्या आजच्या रक्तवाहिन्यांच्या दुखण्याचं मूळ बऱ्याच अंशी त्या बंडलांत आहे, असं पुण्याच्या डॉक्टरांनी पुढे सांगितलं. तेव्हा सर छताकडे बघत होते.

त्या बागेचीही एक गोष्ट आहे. पाईपलाईन गळत होती. तात्या म्हणाले गळती बांधापाशी, सर म्हणाले वरच्या अंगाला. दोन्हीकडे खणायला सुरुवात झाली. संध्याकाळपर्यंत बहरातली चांगली झाडं आडवी झाली आणि दोन्ही ठिकाणी पाईप कोरडा ठणठणीत निघाला. गळती होती मोटारीजवळच्या सांध्यात, जमिनीच्या वरच. तात्या आडव्या झाडांकडे बघत राहिले. सर मात्र समाधानी होते.

"खणलं नसतं तर कळलं असतं का," ते म्हणाले, "की इथं गळती नाही?"

आप्पांचं अपेंडिक्स निघालं तेव्हा सर आले होते. दुर्बिणीने केलेलं ऑपरेशन, पोटावर तीन बारीक ठिपके. सर खाली वाकले, चष्मा काढला, परत घातला.

"हे एवढंच?"

"एवढंच," आप्पा ओशाळून म्हणाले.

"मग अपेंडिक्स काढलं कुठून?"

"त्या बेंबीपाशनं काढलं म्हणत्यात."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत, तुम्हाला फसवलं गेलंय पण मी आता बोलत नाही, असं काहीतरी होतं. डाळिंबं पिशवीतच राहिली.

सरांना एकट्यालाच वेडं समजू नये म्हणून बारामतीच्या कालव्यावरची सकाळ सांगते. तिथे फिरायला येणाऱ्या ज्येष्ठांत एक बायपास झालेल्यांचा गट होता. शर्टाचं वरचं बटण ते थंडीतही उघडं ठेवत. बाकावर बसायचा पहिला मान त्यांचा, आणि त्यांच्यातही उतरंड होती. मुंबईला केलेला सगळ्यात वर, मग पुण्याचा. इथेच गावात उरकून घेतलेला शेवटी, बाकाच्या कडेला. सर या गटात बसत, पण पाहुण्यासारखे. त्यांच्या अंगावर दाखवण्यासारखं काही नव्हतं. एकदा मला ते म्हणाले होते, "आपल्याला आयुष्यात एक मोठं ऑपरेशन व्हायला हवं होतं, बाळ. त्याशिवाय बोलण्याला वजन येत नाही."

मागल्या थंडीत त्याच कालव्यावर सरांच्या पाठीत कळ आली. दोन खांद्यांच्या मधोमध, कुणी पहार घालून फिरवावी तशी. घाम फुटला, सर बाकावर बसले. बायपासवाल्यांनी तपासणी केली. हृदयाचं दुखणं छातीत असतं, ते आमच्याकडे झालेलं आहे, तेव्हा हे ते नव्हे, यावर त्यांचं एकमत झालं. कुणीतरी ओवा दिला.

काकूंनी मात्र रिक्षा बोलावली. फॅमिली डॉक्टरांनी कार्डिओग्राम काढला, तो ठीक होता. रक्तदाब मोजला, तो इतका चढलेला होता की त्यांनी पट्टा काढून पुन्हा बांधला. गोळ्या घेता का, असं विचारल्यावर सर म्हणाले, "लागतील तशा." डॉक्टरांनी ताबडतोब आमच्या सेंटरवर पाठवलं.

सर मशीनमध्ये गेले तेव्हा मला म्हणाले, "बाळ, तूच बटण दाबणार ना?" मी हो म्हटलं. त्यांना फार बरं वाटलं. फिल्म आली आणि आमचे डॉक्टर खुर्ची ओढून संगणकाच्या पडद्याजवळ सरकले.

हृदयातून निघून पाठीच्या कण्याला धरून खाली उतरते ती महाधमनी, शरीरातली सगळ्यात मोठी रक्तवाहिनी. सरांच्या महाधमनीला आतल्या बाजूने खड्डा पडला होता. त्या खड्ड्यातून रक्त भिंतीच्या पदरांमध्ये शिरत होतं. बाहेरचा शेवटचा पदर तेवढा शाबूत होता. तो फाटला असता तर सर आमच्या टेबलावरून उठले नसते.

"अल्सर आहे, सर," डॉक्टर म्हणाले. "महाधमनीतला."

"अल्सर होय," सर म्हणाले. "मग दूध घेतो थंड."

त्यांना अँब्युलन्समध्ये घालून पुण्याला नेलं. मी रजा टाकून बरोबर गेले. अतिदक्षता विभागात सलाईनमधून औषध देऊन रक्तदाब खाली आणला, पण कळ जाईना. पुन्हा स्कॅन केला, खड्डा वाढलेला होता. तेव्हा सर्जन आले. वयाने तरुण, बारीक, आवाज हळू. सरांनी त्यांना आधी बोलूच दिलं नाही.

"किती चिरणार?"

सर्जननी करंगळीचं नख दाखवलं.

गृहपाठ न केलेल्या मुलाकडे सर जसं पाहायचे तसं त्यांनी पाहिलं. सर्जन शांतपणे सांगत राहिले. जांघेतल्या रक्तवाहिनीतून पेन्सिलीएवढी जाड नळी वर न्यायची. तिच्यात घडी घातलेला स्टेंट-ग्राफ्ट असतो, म्हणजे धातूची जाळी आणि तिच्यावर कापडाचं आवरण. खड्ड्याच्या जागी पोचला की तो सोडायचा, तो उघडून भिंतीला घट्ट बसतो. मग रक्त त्याच्या आतून वाहतं, खड्ड्यावर दाब राहत नाही.

"जांघेतून," सर म्हणाले. "दुखतंय पाठीत."

"हो. पण वाट तिथून आहे."

"मी पाईपलाईन केलेली आहे, डॉक्टर. न खणता दुरुस्त झालेली गळती मी इंदापूर तालुक्यात पाहिली नाही."

"खणायचंही एक ऑपरेशन आहे. डावी छाती उघडावी लागते. पण तुमचं वय, तुमची फुप्फुसं—"

सरांच्या डोळ्यांत आजारपणात पहिल्यांदाच चमक दिसली. "किती? वीतभर?"

"त्याहून मोठं."

"मग ते करा."

सर्जननी माझ्याकडे पाहिलं. त्यांना वाटलं पेशंट घाबरून असं बोलतोय. मला माहीत होतं, सर अजिबात घाबरलेले नव्हते. त्यांच्या डोळ्यांसमोर कालव्यावरचा बाक होता.

बाहेर जाऊन मी काकूंना सगळं सांगितलं. उशीर केला तर काय होईल, तेही सांगितलं. त्या ऐकत असतानाच कळसहून गाडी आली. तात्या पुढे, मागे पाहुणेमंडळी, डबे, सतरंजी. पेशंटला भेटायची पद्धत सरांनीच इतकी वर्षं घालून दिलेली, तेव्हा कुणी मागे राहिलं नाही. एकेकाला आत सोडत होते आणि आत गेलेला प्रत्येक जण सरांना मत देऊन बाहेर येत होता. एकाने सांगितलं, घाई करू नका. दुसऱ्याने सांगितलं, आणखी एका डॉक्टरला दाखवा. तिसऱ्याने तर सरांनीच कधीकाळी त्याच्या वडिलांच्या उशाशी बसून दिलेलं सगळं भाषण त्यांना परत ऐकवलं. तात्या सगळ्यात जास्त वेळ होते.

"दाजी, ग्यास हाय," मी आत गेले तेव्हा ते सांगत होते. "हे पुण्याचं लोक ग्यासला बी मशिनीत घालत्यात."

"गॅस नाही तात्या, महाधमनी आहे."

"मग नीट फाडून बघा म्हणावं. भोक पाडून काय दिसणार हाय? उद्या गावात कुणी इचारलं, काय केलं, तर काय सांगायचं? टोचलं?"

"तेच मी म्हणतोय," सर म्हणाले.

मी माझ्या परीने बोलले. पडद्यावर जे पाहिलं होतं ते सांगितलं. सर कौतुकाने ऐकत होते, मी पाठ केलेलं उत्तर न अडखळता म्हणत असल्यासारखे. शेवटी म्हणाले, "छान. पण पुरावा?"

काकू कधी आत आल्या ते आम्हाला कळलं नाही. आत दोघांहून जास्त माणसं नकोत म्हणून सिस्टर त्यांच्या मागे लागली होती. काकूंनी तात्यांना हाताला धरून उभं केलं आणि दाराकडे वळवलं. मग सरांच्या पायांवरची चादर सारखी केली.

"मला तुम्हाला घरी न्यायचंय," त्या म्हणाल्या. "लोकांना दाखवायला न्यायचं नाही."

सरांनी चष्मा काढून चादरीला पुसायला घेतला.

"छाती उघडायची हौस असेल तर तसं सांगा. मी कळसला जाते तात्यासंगं. कोण दाखवंल ते दाखवंल मग बाकावर बसून."

काकू सरांशी एवढं सलग बोललेल्या मी कधी ऐकल्या नव्हत्या. सरांनीही नसाव्यात. चष्मा परत घालून ते मला म्हणाले, "त्या मुलाला बोलाव. सर्जनला."

ऑपरेशन ठीक झालं. भूल उतरल्यावर सर्जन त्यांना पायाची बोटं हलवायला सांगत होते. या उपचारात कधीकधी पाठीच्या कण्याचा रक्तपुरवठा कमी होऊन पाय लुळे पडतात, म्हणून ते बघावं लागतं. सरांनी नुसती बोटं हलवली नाहीत, चादर लाथेने उडवली. पाठीतली कळ गेली होती. ते मान उचलून स्वतःच्या अंगाकडे बघत होते, छाती, पोट, पुन्हा छाती. एखादी वस्तू हरवावी तसा त्यांचा चेहरा होता.

चार-सहा दिवसांत ते बारामतीला परतले, आणि त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात अवघड काळ सुरू झाला.

लोक भेटायला यायला लागले. सरांच्या घरचं आजारपण, तेव्हा माणसं लांबून आली, भवानीनगरहून, वालचंदनगरहून. येणारा खुर्ची ओढून बसायचा आणि सरांनीच शिकवलेल्या पद्धतीने म्हणायचा, "बघू." आणि सरांकडे दाखवण्यासारखं काही नव्हतं. जे काही होतं, दोन्ही बाजूंना तांदळाच्या दाण्याएवढी खूण, ते जांघेत होतं. चाळीस वर्षं मुलामुलींना शिकवलेल्या माणसाने बैठकीच्या खोलीत ते दाखवायचं कसं? सर तोंडी सांगायचे. जाळी, कापड, महाधमनी, पेन्सिलीएवढी नळी. लोक ऐकायचे, चहा प्यायचे. जिन्यात उतरताना त्यांचं बोलणं वर ऐकू यायचं.

"काय झालंवतं नेमकं?"

"काय न्हाय. ग्यास."

कालव्यावरच्या गटाने विषय एका सकाळीच संपवला. "स्टेंट व्हय? आमच्या जावयाला टाकलाय की. दुसऱ्या दिवशी गाडी चालवत आला." सरांनी समजावलं की तो हृदयाचा, बारीक, हा महाधमनीचा, अंगठ्याहून जाड. ज्यांच्या छातीचं हाड एकदा कापून परत तारेने बांधलं आहे त्यांना जाडीचं काय कौतुक. सरांना बाकाच्या कडेलाही जागा मिळाली नाही. भेटायला येणाऱ्यांच्या पिशव्याही हलक्या होत गेल्या. शेवटी शेवटी दोन केळी यायची, आणि हा हिशेब सरांनीच सगळ्यांना शिकवलेला असल्यामुळे त्यांना तक्रारही करता येईना.

याचा परिणाम असा झाला, की आपल्याला खरंच काही झालं होतं का, अशी खुद्द सरांनाच शंका यायला लागली. पहिल्या तपासणीच्या स्कॅनला ते आमच्याकडे आले. ग्राफ्ट जागेवर होता, खड्डा बंद पडत चालला होता, आणि रक्तदाब मात्र भलताच चढलेला. गोळ्या? "घेतो की," सर म्हणाले आणि काकूंकडे न बघता चप्पल शोधू लागले. घरी गेल्यावर काकूंना त्या गोळ्या तुळशीच्या कुंडीत सापडल्या. त्या दिवसापासून काकू स्वतःच्या हाताने गोळी देतात आणि समोर उभं राहून जीभ दाखवायला लावतात. सर दाखवतात.

पावसाळा सरता सरता तात्यांची पाठ दुखायला लागली.

ते बागेत छाटणी करत होते, तिथेच बसले. कुणीतरी सोडा आणायला पळालं. काकूंना फोनवर कळलं तशी त्यांनी गाडी कळसला पाठवली आणि भावाला सोड्यासकट आमच्या सेंटरवर आणून उभं केलं. सरांचा खड्डा जिथे होता त्याच्या थोडं खाली तात्यांच्या महाधमनीला तसाच खड्डा होता. बंडल मिळून एक होतं, म्हटलंच आहे मी.

पुन्हा पुणे, पुन्हा तेच सर्जन, पुन्हा तेच नख. तात्या सलाईनच्या हातानेच उठून बसले.

"न्हाय. मला घरी सोडा."

सर्जननी सांगितलं की घरी सोडणं म्हणजे काय. रक्तदाब औषधाने किती वेळ धरून ठेवता येईल, ते त्यांनाही सांगता येत नव्हतं. तात्यांचा आवाज मात्र पक्का होता.

"मला खरं दुखतंय, डॉक्टर. ते भोकाचं हलक्या दुखण्याला असतं. आमच्या दाजींना केलंत की तुमी. चार दिसांत फिरत हुते. काय झालंच नव्हतं त्यांना, समद्या गावाला ठावं हाय."

सर्जन विचार करायला सांगून बाहेर गेले. काकू पलंगाच्या पायथ्याशी उभ्या होत्या. मागल्या थंडीत सरांना ऑपरेशनला तयार करणारी बाई आता भावाच्या पायाला हात लावून नुसती "तात्या, तात्या" म्हणत होती. सरांनी कागद मागून घेतला, महाधमनी काढली, खड्डा काढला, जाळी काढली. तात्यांनी चित्र पाहिलं आणि उलटं करून पलंगावर ठेवलं.

"चित्र कसलं दावताय, दाजी? तुमीच म्हणायचा न्हवं, डोळ्याला दिसंल ते खरं? खूण कुठं हाय तुमच्या अंगावर? आजवर एकाला तरी दिसली का?"

सरांनी पेनला टोपण लावलं. तात्यांच्या कपाळावर घाम जमला होता आणि मॉनिटरवरचा आकडा चढत होता. तो मी पाहिला, सरांनीही पाहिला. मग ते उठले.

"सिस्टर, तुम्ही जरा बाहेर थांबा," ते म्हणाले. काकूंकडे आणि माझ्याकडे वळले. "तुम्ही पण."

आम्ही बाहेर आलो. सरांनी पडदा ओढला, दोन्ही टोकं एकमेकांवर येतील असा नीट ओढला. पडद्याखाली त्यांच्या चपला दिसत होत्या आणि चपलांवर हळूहळू पांढरा पायजमा येऊन बसला. काकूंनी तोंडाला पदर लावला. मी भिंतीवरची हात धुण्याची सूचना वाचू लागले.

"दिसना," आतून तात्यांचा आवाज आला.

"मोबाईलची बत्ती लाव."

पडद्यावर आतून उजेडाचा ठिपका फिरू लागला.

"ही व्हय?"

"हीच. दुसरी त्या बाजूला."

"ही तर डास चावल्यावानी हाय, दाजी."

"मग?"

"अन् येवढ्यातनं पार पाठीपातूर गेलं?"

"तितनंच गेलं."

सरांना मी असं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. वर्गात कुणी 'तितनं' म्हटलं तर ते उभं करायचे.

"दुखलंवतं?"

"न्हाय, तात्या."

आत सलाईनचा स्टँड जरासा सरकला. चपला जागेवरून हलल्या नाहीत.

"बरं," तात्या म्हणाले. "बोलवा त्या डॉक्टरला. पर आदी नाडी बांधा, दाजी."